वजन किती ते मागाहून, वजन कोठे ते आधी

(घरच्या घरी पाऊल-बैठका घालताना ओझे कसे धरावे)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, बांधणी, खोडवा, हुमणी, पाचट अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. पीक उभे करणारा माणूस स्वतः किती वर्षे ताठ उभा राहतो, त्याचा हा विषय आहे. तेव्हा "शेतकी खात्याला हे कुठून सुचले?" असे म्हणून पान उलटू नये, अशी सुरुवातीलाच विनंती.

सुचण्याचे कारण सांगतो. मागील हंगामात लागणीच्या नोंदी घेत फिरत असता एका सभासदाच्या घरी चहाला थांबलो. कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा माळवदावर व्यायाम करीत होता. एक पाय पुढे टाकायचा, मागचा गुडघा जमिनीजवळ न्यायचा, पुन्हा उभे राहायचे. हातात दोन डंबेल. खाली येऊन तो म्हणाला, "साहेब, मोबाईलवर एकजण सांगतो वजन हातात लोंबतं ठेवा, दुसरा सांगतो छातीशी धरा, तिसरा खांद्यावर घेतो. खरं कुठलं?" आम्ही उत्तर देण्याआधीच त्याचे वडील हसून म्हणाले, "साहेब, आम्ही क्विंटलाचं पोतं पाठीवर मारत होतो. आम्हाला कुणी विचारलं न्हाई कुठं धरलंस म्हणून. अन् ह्याला पाच किलोचं कोडं पडलंय!"

सगळे हसले, आम्हीही हसलो. मात्र ज्यांनी क्विंटलाचे पोते पाठीवर मारले ते अण्णा चहाची कपबशी खाली ठेवून उठताना एक हात गुडघ्यावर आणि एक हात भिंतीवर ठेवून उठले. त्यांना कोणी विचारले नाही, हे खरे आहे. विचारायला हवे होते, एवढेच आमचे म्हणणे.

आमचीच गोष्ट

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी खोडव्याला पहारीने खत देण्याचे प्रात्यक्षिक होते. ट्रॉली बांधावर थांबली. मजूर यायला वेळ होता, म्हणून युरियाचे पोते आम्हीच उचलले. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे, पूर्वी ५० होते. वाटले, पाच किलो तर कमीच आहेत! पोते एका बाजूला काखेत आवळले, सरी ओलांडायला लांब पाऊल टाकले आणि टाकता टाकता मागे वळून कोणाला तरी हाक मारली. कमरेत उसण भरली ती अशी की, खाली बसता येईना आणि उभे राहता येईना. प्रात्यक्षिक राहिले बाजूला, आम्हालाच चौघांनी जीपमध्ये घातले. पुढे तीन आठवडे अंथरुणात आणि तीन महिने पट्टा बांधून काढले. ऐन लागणीच्या दिवसांत गटावर फिरता आले नाही, त्याची चुटपुट आजही आहे.

डॉक्टरांनी तपासून पुढे व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठविले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "पोते केवढे होते?" आम्ही म्हणालो, "पंचेचाळीस किलो." दुसरा प्रश्न केला, "आणि धरले कुठे होते?" या प्रश्नाला आमच्यापाशी धड उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, "वजनापेक्षा मला याचीच काळजी जास्त आहे." पुढे त्यांनी आम्हाला पाऊल टाकून बसण्याचा हाच व्यायाम शिकविला. आधी रिकाम्या हाताने, मग पाण्याचे कॅन घेऊन. त्यांच्याकडून शिकलो, घरी करून पाहिले, दोनदा चुकलो, त्यातून जे उमगले ते येथे देत आहोत.

पाऊल-बैठक म्हणजे काय?

शहरात ज्याला 'लंज' म्हणतात त्याला आपण पाऊल-बैठक म्हणू. तालमीतल्या बैठकीत दोन्ही पाय एका रेषेत असतात, येथे एक पुढे आणि एक मागे असतो. नाव नवे असले तरी चाल आपल्या ओळखीची आहे. सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेऊन गुडघा टेकवितो, ती याचीच भावंड. कुस्तीत पट काढायला पैलवान पाऊल टाकून खाली शिरतो, तीही हीच जात. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्या उसाच्या मुलखाला ही चाल परकी कशी म्हणावी? आणि तालीम न केलेल्यानेही सरी ओलांडताना, ट्रॉलीवर चढताना, बांधावरून खाली उतरताना हेच केलेले असते. फरक इतकाच की रानात आपण ते ओझ्यासह, घाईत आणि न बघता करतो.

करण्याची रीत अशी. सरळ उभे राहावे. एक पाऊल दोन-अडीच फूट अंतरावर टाकावे. दोन्ही गुडघे वाकवीत सरळ खाली जावे. मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटे वर थांबवावा, आपटू नये. पुढच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली राहिली पाहिजे. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जावा, आत कलू देऊ नये. मग टाचेवर जोर देऊन वर यावे.

बहुतेकांचा तोल जातो तो एका चुकीमुळे. पुढचा आणि मागचा पाय ते एकाच दोरीवर ठेवतात. असे करू नये. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. उजवा पाय उजव्या चाकोरीत, डावा डाव्या चाकोरीत. पुढे-मागे कितीही असोत, चाकोरी सोडायची नाही. एवढ्यानेच निम्मी डगमग थांबते.

हाच व्यायाम तीन तऱ्हांनी होतो. पाय आधीच पुढे-मागे ठेवून जागेवरच खाली-वर होणे ही सर्वांत सोपी तऱ्हा. उभे राहून एक पाय मागे टाकणे ही दुसरी. पाय पुढे टाकणे ही तिसरी व अवघड, कारण अंगाचा पुढे जाणारा सगळा झोका पुढच्या गुडघ्याला थोपवावा लागतो. उतारावर भरलेल्या ट्रॉलीचा ब्रेक दाबण्यासारखेच ते काम आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पहिल्या दोन तऱ्हांवरच राहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

जागा बदलली की ओझे बदलते

आता मुख्य मुद्दा. वजन तेच असले तरी ते धरण्याची जागा बदलली की शरीराला ते निराळे लागते. याचा पडताळा प्रत्येकाच्या घरी आहे. पहार घ्या. मधोमध धरून उचला, लहान पोरही उचलेल. तीच पहार एका टोकाला धरून आडवी उचलून पाहा, मनगट पिरगळते. पहारीचे वजन वाढले काय? नाही. भार हातापासून लांब गेला. तसेच ओझे अंगाच्या मध्यापासून जितके लांब, तितकी कमरेला ओढ जास्त. आम्ही पोते काखेत धरले, पाऊल लांब टाकले आणि वर पीळ दिला. पहार टोकाला धरून वर झटका द्यावा, तसे ते झाले.

दुसरा पडताळा बैलगाडीचा. गाडीत माल पुढे फार झाला की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे फार झाला की गाडी उलाळते. माल तेवढाच असतो, पण जाणता गाडीवान आधी तो बेताने रचतो आणि मगच कासरा हातात घेतो. पाऊल-बैठकीतही ओझे पुढे, मागे, बाजूला की वर, यावरून ठरते की मांडीला काम मिळणार, कुल्ल्याला मिळणार, की बिचाऱ्या कमरेला.

उंचीचेही तसेच. ओझे जितके खाली, तितका तोल पक्का. जितके वर, तितका डळमळीत. मळणीच्या दिवसांत उंच रचलेली गाडी वळणावर का कलते, हे कोणाला सांगायला नको.

धरण्याच्या तऱ्हा

एक : मोकळ्या हाताने. पहिले दोन-तीन आठवडे वजन घेऊच नये. एक हात भिंतीला किंवा खांबाला हलकासा लावून जागेवरच्या पाऊल-बैठका घालाव्यात. दोन्ही पायांवर दहा-दहा वेळा न डगमगता झाले म्हणजे हात सोडावा. हातही सुटला म्हणजे वजनाचा विचार. जमीन तयार न करता लागण कोण करतो?

दोन : दोन्ही हातांत, दोन्ही बाजूंना लोंबते. नवशिक्याला हीच तऱ्हा उत्तम. ओझे खाली राहते, दोन्हीकडे सारखे वाटले जाते, आणि पाय सटकलाच तर हात उघडले की ओझे जमिनीवर, माणूस मोकळा. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. डंबेल विकत आणण्याची गरज नाही. मुठीचे दोन पाच लिटरचे कॅन पुरे. पाणी भरले तर लिटरला एक किलो हा सोपा हिशेब. कोरडी वाळू भरली तर तोच कॅन साधारण आठ किलोपर्यंत जातो. कॅन पाण्याचा असेल तर गळ्यापर्यंत भरावा. अर्धा भरलेला कॅन आतून हिंदकळतो आणि नेमका आपण खाली असताना तोल घालवितो. त्यापेक्षा वजन कमी हवे असेल तर लहान बाटली पूर्ण भरून घ्यावी.

या तऱ्हेचे उणे असे की पाय थकण्याआधी मूठ थकते. मग खांदे पुढे पडतात, पाठीला पोक येते. मूठ सुटायला लागली की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे. दुसरे म्हणजे कॅन झोके घेऊ देऊ नयेत. खाली जाताना ते मांडीच्या बाजूने सरळ खाली जावेत, पुढे झुलू नयेत.

तीन : एकच वजन दोन्ही हातांनी छातीशी. तान्ह्या बाळाला किंवा पिठाच्या पिशवीला धरतो तसे. कोपरे खाली आणि अंगालगत. ओझे पुढे आल्यामुळे शरीर आपोआप ताठ राहते. ज्यांना खाली जाताना पुढे वाकण्याची खोड आहे, त्यांना याने चांगली शिस्त लागते. मांडीच्या पुढच्या भागाला काम जास्त मिळते. घरात तोलाला हात लावायला जागा कमी असेल, किंवा कॅन मांडीला आपटत असतील, तरी ही तऱ्हा सोयीची.

उणे असे की वजन वाढत गेले की पायांआधी दंड आणि पाठीचा वरचा भाग दमतो. वजन छातीपासून चार बोटे जरी सुटले तरी पहारीचे टोक आठवावे. मग ते कमरेवर जाते. शिवाय ताठ राहिल्याने गुडघ्यालाही काम जास्त पडते. म्हणून ज्यांचा गुडघा दुखरा आहे त्यांनी छातीशी न धरता वजन बाजूंना धरावे, पाय मागे टाकावा, पाऊल जरा लांब घ्यावे आणि पाठ सरळ ठेवून अंग किंचित पुढे कलू द्यावे. त्याने भार गुडघ्यावरून कुल्ल्याकडे सरकतो.

चार : दोन वजने खांद्यांवर, पुढच्या बाजूला. ही छातीशी धरण्याचीच पुढची पायरी. दोन डंबेल वाकवलेल्या हातांनी खांद्यांवर टेकवून ठेवायचे. तोल आणि पोटाचे स्नायू दोन्ही कसाला लागतात. सहा महिने सराव झालेल्या तरुणांनी करावी. इतरांना तिची गरज नाही.

पाच : मानेमागे आडवा दांडा. मोबाईलवर ही तऱ्हा फार दिसते आणि पोरांना तिचीच हौस. पायांना सर्वांत जास्त वजन या तऱ्हेने देता येते, हे खरे. पण ओझे उंचावर आणि पाठीमागे. पाय सटकला तर टाकायचे कोठे? पुढे टाकता येत नाही, मागे टाकताना खांदा पिरगळतो. व्यायामशाळेत त्यासाठी घोडी असते, शेजारी उस्ताद असतो. घरी एकट्याने, पहारीला दोन्हीकडे वजने बांधून हा उद्योग करू नये. बैलाच्या मानेवर जू ठेवतो, पण त्याला चार पाय आहेत आणि शेजारी जोडीदार आहे. पाठीवरच घ्यायचे झाले तर दोन पट्ट्यांची शाळेची सॅक पुस्तके भरून, पट्टे आवळून, पाठीला चिकटवून घ्यावी. सैल सॅक मागे ओढते.

सहा : एकाच हातात. ही तऱ्हा वरून साधी दिसते, पण आहे कसबी. आपण रानात बहुतेक ओझी अशीच नेतो. बादली, कॅन, किटली. तेव्हा हिचा सराव शेतकऱ्याला खरा उपयोगी. येथे एक बारकावा आहे. समजा उजवा पाय पुढे आहे. वजन डाव्या हातात असेल तर डावी बाजू खाली ओढली जाते आणि उजव्या कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूला कमरेचा जू सपाट धरून ठेवावा लागतो. म्हणजे पुढच्या पायाच्या विरुद्ध हातातले वजन कुल्ल्याला अवघड, आणि त्याच बाजूच्या हातातले सोपे. चालताना ज्यांची कंबर एका अंगाला कलते, त्यांना विरुद्ध हाताचा सराव पुढे गुण देतो. पण सुरुवात सोप्या बाजूने आणि दोन हातांतल्या एकूण वजनाच्या निम्म्याने करावी. आरशासमोर उभे राहावे. खांदे तिरके झाले की वजन जास्त आहे.

सात : डोक्यावर. आपल्या माता-भगिनी चुंबळ ठेवून डोक्यावर घागर नेतात, ते सपाट वाटेवर आणि जन्माच्या सवयीने. त्यावरून डोक्यावर ओझे घेऊन पाऊल-बैठका घालाव्यात असा अर्थ काढू नये. मानेला ती शिक्षा होईल. हा व्यायाम मात्र त्यांनी जरूर करावा, दोन हातांत दोन बाटल्या घेऊन. वय वाढते तशी हाडे आणि स्नायू दोन्ही झिजू लागतात, आणि वजन घेऊन केलेल्या व्यायामाने ती झीज धिमी होते. स्त्रियांच्या बाबतीत तर याचे महत्त्व अधिक.

निवड कशी करावी?

थोडक्यात सांगावयाचे तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : पाय सटकला तर हे ओझे मला कोठे टाकता येईल? उत्तर सुचले नाही तर ती तऱ्हा घरी करू नये.

दुसरा : आधी काय थकते? पाय थकले तर तऱ्हा बरोबर. मूठ थकली तर छातीशी घ्यावे. दंड थकले तर हातांत लोंबते घ्यावे. कंबर थकली तर वजन खाली ठेवून मोकळ्या हाताने घालाव्यात आणि कोठे वाकतो ते कोणाला तरी बघायला सांगावे.

तिसरा : माझे दुखणे कोठे आहे? गुडघ्याला असेल तर बाजूंना धरून मागे पाऊल. तोल जात असेल तर जागेवर, भिंतीजवळ, एका हातात वजन आणि दुसरा हात भिंतीला.

आणि एक पक्का नियम : धरण्याची तऱ्हा बदलली की वजन उतरवावे. आम्ही येथेच चुकलो होतो. दोन हातांत पाच-पाच किलो सहज जमू लागले, म्हणून एके दिवशी तेच दहा किलो एका हातात घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा शोधावा लागला. नवे वाण आणले की आपण आधी चार गुंठ्यांत करून पाहतो, सगळ्या रानात लावीत नाही. तोच न्याय येथे.

किती वेळा? प्रत्येक पायावर आठ ते दहा, असे दोन फेरे, आठवड्यातून दोन दिवस. शेवटच्या दोन बैठका जड वाटाव्यात, पण वाकड्या होऊ नयेत. दोन दिवसांच्या मध्ये खाडा हवाच. पाणी दिलेल्या रानात लगेच औत घालीत नाही, वाफसा येऊ देतो. स्नायूलाही वाफसा लागतो. विसावा न देता रोज घासणाऱ्याची वाढ होत नाही, दुखणे वाढते. दोन्ही फेरे सरळ, सुबक होऊ लागले म्हणजेच किलो-दोन किलो वाढवावे.

दक्षता

जागा कोरडी असावी. ओल्या शहाबादी फरशीवर, सैल चपलेत हा व्यायाम करू नये. धोतराचा सोगा किंवा साडीच्या निऱ्या खोचून घ्याव्यात. लहान मुले आसपास नसावीत. खाली जाताना श्वास घ्यावा, वर येताना सोडावा, कोंडून धरू नये. वजन उचलतानाही गुडघे वाकवावेत आणि ठेवतानाही. कित्येकांना इजा व्यायामात होत नाही, व्यायाम संपल्यावर कॅन खाली ठेवताना होते.

मांडी दुसऱ्या दिवशी भरून येणे साहजिक आहे. पण गुडघ्यात टोचणारी कळ, सूज, कमरेतून पायात उतरणारी मुंगी, चक्कर, छातीत दडपण यांपैकी काही झाले तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयाचा विकार, वाढलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारून मगच सुरुवात. या बाबतीत आमचा सल्ला खताच्या मात्रेपुरताच चालतो, औषधाला डॉक्टरच.

हेच रानात

हे सारे घरच्या व्यायामाचे झाले. पण त्याचा खरा उपयोग बांधावर आहे. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. पोते शक्यतो दोघांनी धरावे. एकट्याने न्यायचेच तर निम्मे पाटीत काढून घ्यावे आणि छातीशी कवटाळावे, काखेत नव्हे. वळायचे असेल तर पाय वळवावेत, कंबर नव्हे. हाक मारायची असेल तर आधी ओझे खाली. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर सोळा किलो पाणी आणि वर पंपाचे वजन असते. त्याचे पट्टे आवळून घ्यावेत आणि सरी ओलांडताना पाऊल आखूड टाकावे.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण निवड करू शकतो. मूठ की छाती, पाच किलो की दोन. आपल्या फडात येणाऱ्या तोडकऱ्यांना ही निवड नसते. उसाची मोळी डोक्यावर, खाली फळी, समोर ट्रक. दर खेपेला एक पाऊल वर, दुसरे वर. वरती दिलेल्या यादीत जी तऱ्हा आम्ही सर्वांत शेवटी टाकली आणि करू नका म्हणालो, ती तऱ्हा ते हंगामभर करतात, स्त्रियासुद्धा. ते आपल्याला एका दिवसात बदलता येणार नाही. पण फळी पक्की आणि रुंद असावी, ती टेकवायची जागा सपाट असावी, मोळ्या बेताच्या बांधू द्याव्यात, वाहन शक्य तितके फडाजवळ यावे म्हणून रस्ता आधी नीट करून ठेवावा, एवढे तर ज्याच्या रानात तोड आहे त्या सभासदाच्या हाती आहे. ज्याच्या कमरेत एकदा उसण भरली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. इतरांना सांगतो.

त्या कॉलेजच्या मुलाला आम्ही शेवटी काय सांगितले? "सध्या हातात लोंबते ठेव, महिन्याने छातीशी घे, आणि दांड्याचे खूळ व्यायामशाळेत." अण्णांनाही एक पाण्याची बाटली हातात देऊन भिंतीजवळ उभे केले. पहिल्या पाच बैठकांत ते दमले. पण मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चहाची कपबशी ठेवून भिंतीला हात न लावता उठले. म्हणाले, "साहेब, पोतं काय आता उचलत न्हाई. पण उठतो तरी माझा मी."

हंगाम तोंडावर आला आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडेल तेव्हा आपण सर्व तेथे ताठ उभे असावे, हीच इच्छा. व्यायामाविषयी काही शंका असल्यास गट कार्यालयात जरूर भेटावे, कॅन धरून दाखवू. आणि येताना लागण नोंदीची पावती तपासून घ्यायला विसरू नये.

कळावे.